कुंकू लागलेला नट

आमच्या घरातल्या दोन्ही गाड्यांना आजवर मेकॅनिकचा हात लागलेला नाही. नवऱ्याची जुनी मोटरसायकल आणि माझी स्कूटर. ऑइल बदलण्यापासून ब्रेक उघडण्यापर्यंत सगळं मी घरापुढच्या पडवीत पाटावर बसून करते. गॅरेजवाल्यांवर माझा विश्वास नाही. ते चार नट काढतात आणि तीनच लावतात, असं मी शाळेच्या स्टाफरूममध्ये ठासून सांगत असे. मी गणित शिकवते. माझ्या वर्गात पेन पडलं तरी आवाज येतो, आणि याचा मला बरेच दिवस अभिमान होता.

घर वडिलांचं आहे. आमचा म्हैसूरच्या मराठी शिंप्यांचा गोतावळा, किती पिढ्यांपूर्वी इथे आला ते कुणालाच नीट सांगता येत नाही. अप्पांनी साठ वर्षं मशीन चालवलं. आई गेल्यावर मी, नवरा आणि मुलगी त्यांच्याकडे राहायला आलो. नवऱ्याची नोकरी बंगळुरूच्या कारखान्यात, तो शनिवार-रविवार घरी येतो. उरलेले पाच दिवस घरात आम्ही तिघंच असतो. लोखंडाची समज मला अप्पांकडूनच आली. मशीनचा कुठला भाग कशाने अडतो ते आवाजावरून ओळखायला त्यांनी मला परकर-पोलक्यात असताना शिकवलं. पुढे मी गाड्यांकडे वळले तर ते मदतीला आले. स्कूटरची सीट फाटली तेव्हा मी आतला फोम कापून नवा बसवला आणि वरचं रेक्झिन अप्पांनी दुहेरी शिवण मारून शिवलं. त्यांना पाठीला टेकायला मिळावं म्हणून मी मोटरसायकलच्या मागे लोखंडी कठडा बसवला, त्याची गादीही त्यांनीच शिवली. लोखंड माझं आणि शिवण त्यांची, अशी आमची वाटणी होती.

आमच्या घरी आयुधपूजेला मोठा मान. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातलं सगळं लोखंड देवापुढे मांडायचं. अप्पांच्या तिन्ही कात्र्या, टेप, बॉबिन, अंगठीसारखी बोटात घालायची टोपणं, आणि मी हा नाद लावून घेतल्यापासून माझे पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर. मोठ्या पितळी ताटात ते ओळीने ठेवायचं, प्रत्येकाला गंध, हळद-कुंकू, फूल. एकदा ताट देवापुढे गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. अप्पांनी साठ वर्षांत त्या दिवशी एक धागासुद्धा कापलेला नाही. एकदा एका गिऱ्हाइकाच्या लग्नाचा कोट अडला होता, तरी नाही. मांडामांड त्यांची असते. आम्ही फक्त नमस्कार करतो.

त्या वर्षी स्कूटरचा पुढचा ब्रेक किंचाळत होता. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, लायसन्स मिळून चार महिने झालेले. ती रोज कटकट करायची, ‘सगळे वळून बघतात ग आई.’ म्हणून पूजेच्या आदल्या संध्याकाळी मी पुढचं चाक काढलं. ब्रेकच्या डब्यात काळी भुकटी साचली होती, ती पुसली, ब्रेकशू पॉलिश पेपरने घासले. चाकाच्या मधून जी लोखंडी कांब जाते, एक्सल म्हणतात तिला, ती गंजली होती. ती घासून तिला भरपूर ग्रीस चोपडलं. चाक बसवलं, डावीकडून एक्सल आत सरकवला. लोण्यात सुरी जावी तसा तो गेला. उजवीकडे त्याच्या टोकाला नट लावायचा. त्या नटाच्या आट्यांत गंज होता, म्हणून मी तो वाटीत डिझेलमध्ये भिजत टाकला होता.

तेवढ्यात अप्पा म्हणाले, ‘बूदगुंबळकाय आणली नाहीस अजून. दुकान मिटेल.’ पूजेनंतर गाडीपुढे फोडायचा कोहळा आणायचा राहिला होता. मी हात पुसत उठले. नट सकाळी लावू म्हटलं. उघडलेला नट रात्रभर बाहेर ठेवायचा नाही हा माझाच नियम. तो मी त्या संध्याकाळी मोडला, आणि मोडताना मला काही वाटलंही नाही.

सकाळी माझं डोकं फिरलेलं होतं. नवऱ्याचा फोन आला की कारखान्यातल्या पूजेला थांबायला लागतंय, येत नाही. झेंडूचा भाव ऐकून जीव गेला होता, त्यात पायसम खाली लागलं. मुलगी दहा वाजेपर्यंत झोपलेली. मी तिला उठवलं ते अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं असेल. मग ती न बोलता दारात रांगोळी काढायला बसली. मी स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत असताना अप्पा दारात येऊन उभे राहिले. एक हात मुठीत मिटलेला.

‘अग, जरा एक सांग...’

‘अप्पा, आता नको! आमेले. पुरी करपतेय.’

आमेले म्हणजे मग, नंतर. ते दोन क्षण थांबले आणि मागे वळले. मला त्यांचा चेहरा आठवत नाही. मी पुरीकडे बघत होते.

पूजा छान झाली. ताट विठ्ठलाच्या तसबिरीपुढे होतं, त्यावर इतकी फुलं की खालचं लोखंड दिसत नव्हतं. मग आम्ही गाड्यांची पूजा केली. मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना केळीची लहान रोपं बांधली. स्कूटर पडवीत उजवी बाजू भिंतीला लावून उभी होती. मी डाव्या बाजूने चाकाला गंध लावलं, हँडलला हार घातला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. नटाचं डोक्यात नव्हतं. हे लिहिताना आजही लाज वाटते. कालच्या संध्याकाळचं काम माझ्या हिशेबी झालेलं होतं, कारण मी करायला घेतलेलं काम अर्धं राहत नाही अशी माझी स्वतःबद्दल पक्की समजूत होती.

मुलीला कृष्णराजनगरला जायचं होतं. तिच्या मैत्रिणीच्या घरी भातशेती, तिथे ट्रॅक्टरची पूजा आणि मग सगळ्यांचं जेवण. ती म्हणाली, ‘आई, गाडी नेऊ?’

‘बसने जा.’

‘बसला आज किती रश असते गोत्तु आहे ना, माहितेय ना तुला? दोन तास उभं राहून...’

‘बसने म्हटलं की बसने. चाळीस किलोमीटर हायवेवर तुला पाठवू? विषय संपला.’

विषय संपला, हे माझं आवडतं वाक्य. त्यानंतर घरात कुणी बोलत नाही.

मी शेजारच्या तीन घरी प्रसाद द्यायला गेले. प्रत्येक घरी पाट, पाणी, कुंकू, असा पाऊण तास मोडला. परत आले तर पडवीत चिरडलेलं लिंबू पडलेलं आणि स्कूटरची जागा रिकामी.

‘गेली ती,’ अप्पा म्हणाले. ते पायरीवर बसले होते. ‘सुम्ने, उगीच एक राउंड मारते म्हणाली. मग हेल्मेट, पर्स सगळं घेऊन आली बाहेर. बस नको म्हणाली. अर्धा तास होऊन गेला.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पहिले दोन फोन मी फक्त ओरडण्यासाठी केले होते, हे मला कबूल करायला हवं. काय काय बोलायचं ते सगळं ओठांवर तयार होतं. तिने उचलला नाही तेव्हा मी प्रसादाचं रिकामं ताट आपटत आत गेले. देवापुढचा दिवा मंदावला होता. तेल घालायला वाकले, तशी ताटातली दोनतीन फुलं माझ्या पदराने बाजूला झाली.

सतरा नंबरचा रिंग पाना, त्याच्या शेजारी अप्पांची काज करायची कात्री, आणि दोन्हींच्या मधे एक नट. स्वच्छ पुसलेला. त्याच्या माथ्यावर हळद, हळदीवर कुंकू, कुंकवावर झेंडूची पाकळी.

तो नट माझ्या मुलीच्या गाडीच्या पुढच्या चाकात असायला हवा होता.

एक्सल नुसता सरकवलेला. ग्रीस मीच चोपडलेलं. आता खड्ड्याखड्ड्याने, धक्क्याधक्क्याने ती कांब सरकत बाहेर येणार. किती वेळ लागेल? पाच किलोमीटर, पंधरा, वीस? गणित शिकवणाऱ्या बाईला ते गणित येत नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की ती बाहेर आली की पुढचं चाक तिरकं होतं, आणि हायवेवर चाक तिरकं झालं की पुढे काही करायला उरत नाही.

मी फोन लावत राहिले. तिसरा, चौथा, सहावा. मग मेसेज टाकला, ‘गाडी थांबव. ताबडतोब.’ त्याच्यापुढे दोन निळ्या खुणा आल्या. तिने वाचला होता. मी पुन्हा फोन लावला. उचलला नाही. त्यानंतर फोन बंद.

आणि मग मी अप्पांवर तुटून पडले.

‘हा नट कुणी ठेवला इथे? कात्री आणि नट यातला फरक कळत नाही तुम्हाला? दिसत नाही तर हात कशाला लावता? गाडीचा नट होता तो! चाकाचा! पोरगी त्या चाकावर बसून गेलीय!’

अप्पा दाराला धरून उभे होते. मी आणखी बरंच बोलले. ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मी बोलायची थांबले, तेव्हा ते चौकटीचा आधार घेत आत आले, देवापुढे वाकले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ताटातून सतराचा पाना उचलला. मग चौदाचा. मग नट. साठ वर्षांत जे ताट त्यांनी हलू दिलं नव्हतं, त्यातून त्यांनी तिन्ही वस्तू काढून माझ्या ओंजळीत ठेवल्या.

‘बेग जा,’ म्हणाले. लवकर जा.

मोटरसायकल पाचव्या किकला सुरू झाली. केळीची रोपं सोडायला वेळ नव्हता. पाने पर्समध्ये, नट मुठीत धरून मी निघाले, मग मूठ आणि क्लच दोन्ही जमेनात म्हणून तो कापडात बांधून ब्लाउजमध्ये खोचला. बन्नीमंटपाजवळ दुसऱ्या दिवशीच्या मशाल कवायतीसाठी बांबू ठोकत होते, अर्धा रस्ता बंद. समोर बस, लॉऱ्या, रिक्षा, सगळ्यांना हार आणि केळीची पानं, सगळे आनंदात, कुणालाच घाई नाही. हॉर्न वाजवला की लोक हसून हात हलवत. केळी फडफडवत निघालेली एक बाई, त्यांना वाटलं असेल मीही मिरवायलाच निघाले आहे.

म्हैसूरच्या रस्त्यावर त्या दिवशी दुचाकी चालवणं मुळातच जोखमीचं. प्रत्येक दुकानापुढे, प्रत्येक गॅरेजपुढे कोहळे फोडलेले. त्यात भरलेलं कुंकू रस्ताभर पसरतं, गरावरून चाक सरकन निसटतं. दरवर्षी आम्ही त्यावर वाद घालतो आणि दरवर्षी फोडतो. त्या दिवशी मला पुढे कुठेही रस्त्यावर लाल दिसलं की श्वास अडकायचा. जवळ गेलं की कोहळा निघायचा. पुन्हा पुढे लाल दिसायचं.

रिंग रोडच्या सिग्नलजवळ गर्दी दिसली. माणसं गोल उभी, मधे आडवी पडलेली स्कूटर. आमच्याच रंगाची. हँडलला झेंडूचा हार.

मी मोटरसायकल चालती असतानाच सोडली की स्टँडला लावली, मला माहीत नाही. कोपरांनी माणसं बाजूला केली. रस्त्यावर बसलेला एक मध्यमवयीन माणूस गुडघा धरून कण्हत होता. कोहळ्यावरून घसरला होता. कुणीतरी त्याला पाणी देत होतं. मला बरं वाटलं. त्याचा गुडघा फुटलेला, पँट रक्ताने भिजलेली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी तोंडावर हात ठेवून हसल्यासारखा आवाज काढला. एका बाईने माझ्याकडे रागाने बघितलं. तिचं बरोबर होतं.

तिथून हुणसूरच्या रस्त्याला लागले. फोन एका हाताने काढून पाहिला, अजून बंद. मी वेग वाढवला. जुनी मोटरसायकल साठच्या पुढे गेली की हँडल थरथरतं. ते मला आवडत नाही, मुलीला तर मी पन्नासच्या वर जाऊच देत नाही. त्या दिवशी मी सत्तरने गेले. एकीकडे रस्त्याच्या कडेला बघत होते, झुडपं, चर, झाडांचे बुंधे. दुसरीकडे डोक्यात नुसती ती कांब. इथे गतिरोधक आहे, इथे धक्का बसला असेल, आता अर्धं बोट बाहेर. इथे डांबर उखडलंय, आता एक बोट. मी विठ्ठलाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला आणि मधेच ते तुटायचं, कारण विठ्ठलापुढेच तर तो नट सकाळभर होता. त्याने काय करावं? त्याला आम्हीच दिला होता.

इलवाळ मागे पडलं. पुढे कृष्णराजनगरकडे जायचा फाटा. फाट्यावरून दोनेक किलोमीटर गेले असेन. दोन्हीकडे हिरवं भात, रस्ता सरळ. दूर एका वडाखाली काहीतरी पिवळं दिसलं. झेंडू. स्कूटर उभी होती. मेन स्टँडवर, नीट. आजूबाजूला कुणी नाही.

स्कूटर उभी म्हणजे पोरगी पडली नाही, एवढं डोक्याला कळत होतं. पण मग पोरगी कुठे? मी गाडी थांबवली आणि तिला हाक मारली. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

पन्नास पावलांवर बसथांब्याची शेड होती. त्यातून ती बाहेर आली. हेल्मेट दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं. माझ्याकडे येता येता ती मधेच थांबली. तिच्या आणि माझ्या मधे दहा पावलांचं अंतर राहिलं, आणि ते तिने ठेवलं होतं.

मी आधी स्कूटरकडे गेले. खाली बसले. डावीकडे एक्सलचं डोकं चांगलं दोन बोटं बाहेर आलेलं. उजवीकडच्या भोकात टोक दिसतच नव्हतं. बोट आत घातलं तेव्हा लागलं. जेमतेम नखाएवढी कांब त्या बाजूला धरून होती.

‘कधी थांबलीस?’ मी विचारलं.

‘वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील.’

‘कळलं कसं?’

‘हँडल हलत होतं. टक टक येत होतं खालून.’

‘कुठून यायला लागलं?’

मी मान वर केली.

‘इलवाळच्या अलीकडून,’ ती म्हणाली.

इलवाळच्या अलीकडून म्हणजे सहा-सात किलोमीटर. ती पोरगी हलणाऱ्या हँडलवर सात किलोमीटर आली होती.

‘आवाज बदलला की थांबायचं, हे मी तुला शंभर वेळा...’ मी सुरू झाले. आणि ती एक पाऊल मागे सरकली. नकळत. हेल्मेट आणखी घट्ट धरलं. मी बोलायची थांबले.

‘फोन का नाही उचललास?’ मी शक्य तेवढं हळू विचारलं.

‘तू ओरडशील म्हणून.’

‘मेसेज वाचलास ना? गाडी थांबव म्हटलं होतं मी.’

‘वाचला. मला वाटलं, रागाने म्हणतेयस. गाडी घेतली म्हणून. तू नेहमी तसंच लिहितेस ना आई. मग म्हटलं, थांबले तर फोन करायला लागणार, फोन केला तर... म्हणून हळूहळू तिच्या घरापर्यंत जाऊ म्हटलं. तिथून अज्जाला फोन केला असता.’ ती रडायला लागली. ‘आवाज येत होता तरी मी थांबले नाही. मला वाटलं, गाडी माझ्याकडून बिघडली. आता तू काय करशील. शेडमध्ये बसून मी तोच विचार करत होते, इथेच ठेवून बसने जाऊ का.’

मी चाकापाशी जमिनीवरच बसून राहिले. एक बस गेली, तिच्या खिडकीतून मुलं ओरडत होती. गाडी थांबव, ताबडतोब. त्यात नट नाही हे मी लिहिलं नव्हतं. चाक निघेल हे लिहिलं नव्हतं. तीन शब्द जास्त लागले असते. मला हुकूम द्यायची सवय, कारण सांगायची नाही. माझ्या पोरीला माझ्या रागापेक्षा सुटत चाललेलं चाक कमी धोक्याचं वाटलं होतं.

‘इकडे ये,’ मी म्हटलं. ती आली नाही. ‘ओरडत नाही. ये.’

ती आली तेव्हा मी ब्लाउजमधून कापडाची गाठ काढली आणि नट तिच्या तळहातावर ठेवला. कुंकू घामाने भिजून आट्यांत उतरलं होतं.

‘हा मी लावला नव्हता. काल संध्याकाळी लावायचा राहिला माझ्याकडून. गाडी तुझ्याकडून बिघडली नाही.’

ती नटाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. ‘तुझ्याकडून?’ तिने असं विचारलं की मला कळलं, ही शक्यता त्या पोरीला आयुष्यात कधी सुचलेली नव्हती.

मी एक्सल तळहाताने ठोकून आत बसवला. माझ्याकडून नट आट्यावर बसेना. दोनदा तिरका गेला. शेवटी तिनेच तो माझ्या बोटांतून घेतला आणि फिरवला. चौदाचा पाना मी धरला, सतराचा तिने ओढला. ‘अजून,’ मी म्हटलं. ‘अजून थोडा.’ नट बसला तेव्हा त्याच्याखालून ग्रीस आणि कुंकवाचा लाल-काळा ओघळ आला. तो आम्ही पुसला नाही.

तिला मैत्रिणीकडे जा म्हटलं. ती म्हणाली, घरीच येते. मी पुढे, ती मागे, असे आम्ही चाळीसच्या वेगाने आलो. दर मिनिटाला मी आरशात बघत होते.

अप्पा फाटकाशी स्टूल टाकून बसले होते. दुपारचे तीन वाजले होते, ते जेवले नव्हते. पूजेचं सोवळं तसंच अंगावर. मुलगी गाडीवरून उतरून त्यांच्या गळ्यात पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, दंडांवरून हात फिरवला, कापड तपासतात तसा, सगळीकडून. ‘पुट्टी,’ एवढंच म्हणाले. पुट्टी म्हणजे चिमुकली. ती आत पाणी प्यायला गेली.

मी पाने हातात घेऊन त्यांच्यापुढे उभी होते. येताना सगळ्या रस्त्याने मी वाक्य जुळवलं होतं.

‘अप्पा, चूक माझी होती. नट मी काल लावला नव्हता. तुम्हाला उगीच बोलले.’

त्यांनी मान हलवली. रागावलेले नव्हते, तेच सहन होईना. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

‘मला शंका आली होती,’ ते म्हणाले. ‘वाटीत सापडला. पुसला, बघितला. हा पान्यांतला नाही, हा कुठून तरी निघालेला आहे, एवढं कळतं ग मला. साठ वर्षं मशीन खोललंय. तू दुसरा लावलास की लावायचाच राहिला, ते मात्र कळेना. म्हणून तुला दाखवायला घेऊन आलो होतो स्वयंपाकघरात.’

मिटलेली मूठ.

‘मी आमेले म्हटलं,’ मी म्हणाले.

‘हो.’

‘मग परत का नाही आलात? पूजा झाल्यावर, ती जायच्या आधी, कधीही. तासभर होता मधे.’

अप्पा फाटकाच्या कडीशी बोटाने खेळत राहिले. आतून मुलीने पेला ठेवल्याचा आवाज आला.

‘यायचं होतं,’ ते म्हणाले. ‘दोनदा उठलो. धाडस नाही झालं.’

माझे वडील ऐंशीच्या घरातले. ज्या घराच्या फाटकाशी ते बसले होते ते त्यांनी बांधलेलं. ऑइलचा डबा कसा धरायचा हे त्यांनी मला माझी बोटं धरून शिकवलं होतं, आणि त्यात एकदाही आवाज चढवला नव्हता.

मला ते पाने धुवून, पुसून देवापुढच्या ताटात परत ठेवायचे होते. पण मी फाटकाच्या पायरीवर कधी बसले ते कळलंच नाही, आणि मला उठता येत नव्हतं.